वसुली ग्रामपंचायतीची, कपात शिपायाची

मराठवाड्यातल्या दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात ग्रामपंचायतीचा कर्मचारी कोण, हे बघायचं असेल तर पहाटे पाण्याच्या टाकीखाली जावं. विहीर गावापासून दोन-तीन किलोमीटरवर, तलावाच्या पोटात. मोटार बहुतेक वेळा शेतीच्या फीडरवर. त्या आठवड्यात लाईट रात्रीची असेल तर हा माणूस रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीवर जातो, स्टार्टर दाबतो, पाणी चढल्याचा आवाज येईपर्यंत थांबतो. टाकी भरली की वॉल (पाणी सोडायचा व्हॉल्व्ह) फिरवणं सुरू. आज वरची आळी, उद्या खालची, परवा तांडा. सकाळी दहाला कार्यालयाचं कुलूप तोच काढतो. झाडून घेतो, टपाल घेऊन पंचायत समितीला जातो, दुपारी घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी बिलं घरोघर वाटतो आणि अंधार पडला की खांबावरचे दिवे बघतो. कर्मचारी सूचीच्या नमुना १३ मध्ये त्याच्या नावापुढे पद मात्र एकच असतं: शिपाई, नाहीतर पाणीपुरवठा कर्मचारी.

या माणसाचा पगार गावाने किती कर भरला यावर ठरतो. हे चूक आहे आणि बदललं पाहिजे. ते बदलून घेण्याची ताकद तालुका पातळीवरच्या, रीतसर नोंदलेल्या आणि कागद सांभाळणाऱ्या कर्मचारी संघटनेतच आहे. अशी संघटना कर्मचाऱ्यांना जेवढी हवी तेवढीच गावालाही हवी.

आधी पगाराचा हिशोब. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना राज्यात किमान वेतन लागू आहे. ऑगस्ट २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे ५ हजारांच्या आतल्या लोकसंख्येच्या गावात अकुशल कर्मचाऱ्याचं मूळ किमान वेतन ११,६२५ रुपये, अर्धकुशलचं ११,९६० आणि कुशलचं १२,६६५. १० हजारांच्या वरच्या गावात हेच आकडे १३,०८५, १३,४२० आणि १४,१२५. यावर विशेष भत्ता, म्हणजे राहणीमान भत्ता, वेगळा. आधीचे दर २०१३ चे होते. दर पाच वर्षांच्या आत फेरविचार व्हावा असं किमान वेतन कायदा सांगत होता, इथे मध्ये सात वर्षं गेली.

किमान वेतनाचा काही भाग शासन अनुदान म्हणून देतं. छोट्या गावासाठी हा हिस्सा मोठा, मोठ्या गावासाठी कमी. उरलेली रक्कम ग्रामपंचायतीने स्वनिधीतून द्यायची. खरी मेख आहे वसुलीच्या अटीत. २८ एप्रिल २०२० च्या शासन निर्णयाने हा हिस्सा करवसुलीच्या टक्केवारीशी आणि उत्पन्नाशी जोडला गेला. ठरलेली टक्केवारी गाठली नाही की शासनाचा हिस्सा कापला जातो. कापलेली रक्कम ग्रामपंचायतीने भरून काढावी असं कागदावर अपेक्षित आहे. पण वसुलीच झाली नाही म्हणून जिचं अनुदान कापलं, ती ग्रामपंचायत हा फरक आणणार कुठून? मग तो फरक कर्मचाऱ्याच्या नावावर थकतो. महिन्याचे पाच-सहा हजार याप्रमाणे दोन-तीन वर्षं साचले की सव्वा लाख ते दोन लाखांचा आकडा होतो, आणि तो बहुधा नमुना २१ च्या देयक नोंदवहीत लिहिलेलाही नसतो. कारण नोंदवहीत जेवढे दिले तेवढेच दाखवतात, देणं किती होतं ते दाखवत नाहीत.

वसुली हे कायद्याने कर्मचाऱ्याचं काम नाहीच. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ प्रमाणे मागणी बिल, मागणीची रिट (कर भरण्याचा लेखी हुकूम) आणि जप्ती हे अधिकार पंचायतीचे आहेत. ते वापरायचे सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने. (ग्रामसेवक हे पदनाम २०२४ मध्ये बदललं, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.) शिपाई फक्त बिल देऊ शकतो आणि पावती फाडू शकतो. एखाद्या सदस्याच्याच घरी तीन वर्षांची पाणीपट्टी थकली असेल तर त्याच्या दारात उभं राहून, ‘भरा, नाहीतर माझा पगार कापला जाईल,’ एवढंच तो म्हणू शकतो. नळ तोडायला गेला तर दुसऱ्या दिवशी मासिक सभेत त्याच्याच कामाचा विषय निघतो. अधिकार एकाकडे आणि शिक्षा दुसऱ्याला, अशी ही मांडणी आहे.

दुसरी गोष्ट मराठवाड्याची. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वसुलीचा टक्का त्या दिवशी मोजला जातो. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या गावांची त्या वेळी काय अवस्था असते ते आठवा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. वसुलीच्या हंगामात निम्म्या दारांना कुलूप आणि घरात म्हातारी माणसं. आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्चलेली, हिशोब झाल्याशिवाय हातात पैसा नाही. सोयाबीन-कापसाच्या गावात पैसा येतो तो दिवाळीपासून पुढे दोन-तीन महिने. त्यात भाव पडला किंवा परतीच्या पावसाने शेंगा काळ्या पडल्या की पहिली तुंबते ती घरपट्टी. पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायती गावाला जो टक्का, तोच शिरूर कासारला लावणं म्हणजे पाऊस कमी पडल्याचा दंड पाणी सोडणाऱ्याला करणं.

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही, म्हणून ती आकड्यांत मांडतो. टक्का काढताना वर वसुली असते आणि खाली एकूण मागणी, म्हणजे चालू वर्षाची मागणी अधिक मागील बाकी. समजा एका गावाची चालू मागणी ४ लाख आणि मागील बाकी २ लाख. मागणी झाली ६ लाख. वर्षात वसूल झाले ४ लाख २० हजार. टक्का आला ७०. आता ती २ लाखांची बाकी उघडून बघा. पडून गेलेली घरं, वाटणीनंतर जुन्या नावावरही राहिलेली आणि दोन्ही भावांच्या नावावरही चढलेली मिळकत, कोरड्या पडलेल्या नळाची पाणीपट्टी, वारस नोंद न झालेले मयत खातेदार. अशा कधीच न येणाऱ्या नोंदींची रक्कम दीड लाख निघाली आणि ती दुरुस्त झाली, तर मागणी उरते साडेचार लाख. वसुली तीच ४ लाख २० हजार. टक्का होतो ९३. गावाने एक रुपया जास्त भरला नाही, कर्मचाऱ्याने एक बिल जास्त वाटलं नाही, फक्त नमुना ८ (कर आकारणीची वही) आणि नमुना ९ (कर मागणीची वही) खरे झाले.

हे काम कुणी करायचं? कर आकारणीची फेररचना दर चार वर्षांनी करायची असते. ती बऱ्याच ठिकाणी जुन्या यादीवर नवे आकडे चढवून उरकली जाते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावं असतात, प्रत्येक घर त्याला माहीत असणं शक्य नाही. पण बिल वाटणाऱ्या शिपायाला कुठलं घर पडलंय, कुणाचा नळ कधीपासून बंद आहे, हे तोंडपाठ असतं. संघटनेने प्रत्येक सभासदाकडून जून-जुलैमध्ये अशा नोंदींची यादी करून घ्यावी. मिळकत क्रमांक, नाव, कितीची बाकी, न येण्याचं कारण, एवढे चार रकाने पुरेत. यादी लेखी अर्जासोबत द्यावी, पोच घ्यावी, ग्रामसभेत विषय घ्यायला लावावा आणि दुरुस्ती व निर्लेखनाचा (बाकी वहीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव पंचायत समितीकडे जातो की नाही यावर पाळत ठेवावी. मार्चमध्ये मोर्चा काढून जे मिळत नाही ते जुलैमधल्या या यादीने मिळू शकतं.

शासनाच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो आणि त्यात तथ्य आहे. वसुलीला काहीच बांधलं नाही तर ग्रामपंचायती कर वसूल करणार नाहीत, गावपुढारी मतांसाठी पट्टी माफ केल्यासारखं वागतील. खरंच आहे, तसं होतं. पण मग जो वसूल करत नाही त्याच्यावर बंधन घाला. अधिनियमाच्या कलम १४ मध्ये, मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य राहू शकत नाही अशी तरतूद आहेच. ती फक्त निवडणुकीचा अर्ज भरताना आठवते, त्या आठवड्यात पावती पुस्तकं संपतात आणि नंतर पाच वर्षं शांतता. दर तीन महिन्यांनी सदस्यांची आणि त्यांच्या घरातल्यांची बाकी कार्यालयाच्या फळ्यावर लागली तरी अर्धं काम होईल. चांगली वसुली करणाऱ्या ग्रामपंचायतीला वरचा निधी द्या, बक्षीस द्या. पण किमान वेतन हे किमान आहे. त्याच्या खाली जाता येत नाही, आणि जिथे शासनच ते खाली जायला लावतं तिथे वीटभट्टीच्या किंवा जिनिंगच्या मालकाला कुठल्या तोंडाने सांगणार?

पैशाची दुसरी वाटही बंद आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला आणि ४० टक्के अबंधित होता, पण अबंधित निधीतूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. म्हणजे नवी पाइपलाइन टाकता येते, नवी टाकी बांधता येते, पण त्या टाकीचा वॉल फिरवणाऱ्याला पगार देता येत नाही. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट ठेवून गावोगावी नळ आले. नळ वाढले, वस्त्या जोडल्या गेल्या, वॉल चारचे बारा झाले. लहान गावाला आकृतिबंधातलं, म्हणजे मंजूर पदांच्या यादीतलं, पद मात्र एकच राहिलं. त्या एकावर दुसरा कुणी रोजंदारीवर घ्यावा म्हटलं तर आस्थापना खर्चाची, म्हणजे पगार-भत्त्यांची, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांची मर्यादा आडवी येते.

हा कर्मचारी अर्ध्या पगारावर, दोन महिन्यांच्या उशिराने काम करतो तेव्हा गावाचं काय होतं, तेही बघू. पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचं गणित सोपं आहे: हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम. ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की जोर उतरत जातो आणि मग पाव किलोने भागत नाही. पावडर थेट टाकीत लोटायची नसते. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, गुठळ्या मोडायच्या, बादली भरून अर्धा तास ठेवायची, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. नंतर अर्धा तास थांबून मग वॉल सोडायचा. शेवटच्या नळाला ओटी टेस्ट (क्लोरीनची तपासणी) घ्यायची, नळीतलं पाणी पिवळं झालं पाहिजे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथे उरला पाहिजे. हे सगळं रोज करायला पहाटे दीड तास जास्त लागतो. रात्री दोनला विहिरीवर गेलेला, दिवसा दुसऱ्याच्या रानात फवारणीला जाणारा माणूस (कारण पगारात भागत नाही) हा दीड तास आणणार कुठून? मग कुणीतरी मूठभर पावडर टाकतं, किंवा पोतंच संपलेलं असतं. पावसाळ्याच्या तोंडाला गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या की आरोग्य विभागाचं लाल कार्ड ग्रामपंचायतीला येतं आणि नोटीस त्या पाणीवाल्याला.

मोटार जळण्याचंही तसंच. व्होल्टेज कमी किंवा एक फेज गेलेला असताना रिले ट्रिप होतो (मोटार आपोआप बंद पडते), व्हायलाच पाहिजे. पण टाकीखाली हंड्यांची रांग लागलेली असते, फोनवर फोन येतात. मग स्टार्टरच्या बटणात काडी खोचली जाते. मोटार जळते. रिवाइंडिंगचा खर्च ‘तुझ्या निष्काळजीपणामुळे’ म्हणून पगारातून तीन हप्त्यांत कापला जातो. अशी कपात करण्याआधी लेखी कारण विचारावं लागतं, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि नुकसान थेट त्याच्याच चुकीने झालं हे दिसावं लागतं. कुठल्या मासिक सभेत असं होतं? एकटा माणूस हे विचारू शकत नाही. विचारणारं कुणीतरी पंचायत समितीच्या गावाला बसलेलं असावं लागतं.

संघटना तालुक्याचीच का, याचं उत्तर यातच आहे. कारखान्यात दोनशे कामगार एका गेटातून आत जातात. इथे प्रत्येक गावात एक कर्मचारी आणि त्याचा मालक त्याच गल्लीतला, बऱ्याचदा भावकीतला. ‘पगार द्या’ म्हणायचं तर चुलत्याला म्हणायचं. संघटना नोंदवायला कायद्याने किमान सात जण लागतात. एका गावात ते मिळणारच नाहीत. तालुक्यात मात्र समजा १२० कर्मचारी असतील तर १० टक्क्यांच्या नियमाने १२ सभासद हवेत, सात जणांच्या सह्यांचा अर्ज, नियमावली आणि पदाधिकाऱ्यांची यादी, एवढ्यावर नोंदणी होते. १० टक्के किंवा १०० यांतला कमी आकडा धरायचा, पण सातच्या खाली जाता येत नाही.

नोंदणीपेक्षा अवघड आहे ती टिकवणं. अनेक तालुक्यांत संघटना म्हणजे एक लेटरहेड आणि एक नेता असतो. सभासद फीची पावती पुस्तकं त्याच्या पिशवीत, हिशोब त्याच्या डोक्यात. वार्षिक विवरण भरलं जात नाही, मग नोंदणी रद्द होण्याची पाळी येते आणि बरोबर त्याच वर्षी पगाराचा दावा लावायचा असतो. हे टाळायला फार अक्कल लागत नाही. महिन्याला ३० रुपये वर्गणी ठेवली तरी १०० सभासदांचे वर्षाला ३६ हजार होतात. टायपिंग, झेरॉक्स, वकिलाची पहिली फी आणि तालुक्याला एक खोली यात भागतं. बँक खातं दोघांच्या सहीचं असावं आणि त्यातली एक सही खजिनदाराची. महिन्याची बैठक तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी, कारण त्या दिवशी टपालाच्या निमित्ताने सगळे तसेही पंचायत समितीत येतात आणि वेगळं गाडीभाडं पडत नाही. बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा.

आणि सफाईच्या बायकांना बैठकीत पुढे बसवावं. हे मुद्दाम लिहितो आहे. गावच्या नाल्या काढणारी, बाजारतळ झाडणारी बाई बहुतेक ठिकाणी रोजंदारीवर, ‘दोन तासांचं काम’ म्हणून आकृतिबंधाच्या बाहेर असते. तिचं नाव कुठल्याच नमुन्यात नसतं, पैसे किरकोळ खर्चात टाकलेले असतात. पाणीवाला एका समाजाचा, शिपाई दुसऱ्या, झाडणारी तिसऱ्या, आणि गावातली उतरंड तालुक्याच्या बैठकीतही सतरंजीवर तशीच बसते. ज्या संघटनेत ही उतरंड मोडत नाही, ती पाणीवाल्यांची संघटना होऊन राहते आणि पहिल्याच तडजोडीत सफाईच्या माणसांना सोडून देते. त्यांच्यासाठी पहिलं काम साधं आहे: कामाच्या तासांची स्वतःची वही. तारीख, कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत, कुठली गल्ली. सहा महिन्यांची अशी वही समोर असली की ‘दोन तास’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं.

प्रत्येक सभासदाची एक फाइल संघटनेकडे हवी. नेमणुकीचा मासिक सभेचा ठराव, त्याची साक्षांकित नक्कल. हा सगळ्यांत महत्त्वाचा कागद, आणि नेमका हाच नसतो. सरपंच बदलला की नवीन बॉडी ‘तुझी नेमणूकच दाखव’ म्हणते ती यामुळेच. त्यानंतर नमुना २१ च्या नकला, बँक पासबुकाची पानं, भविष्य निर्वाह निधीची कपात आणि ती खात्यावर जमा झाल्याची नोंद. ग्रामपंचायत नकला देत नसेल तर माहिती अधिकारात मागाव्यात. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. एका अर्जात पगार, निधी आणि गाळ काढण्याचं बिल असं सगळं घातलं की अर्ज तिथेच अडकतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. जिल्हा परिषदेच्या वर्ग ३ आणि ४ च्या भरतीत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के जागा राखीव आहेत. सेवाज्येष्ठता यादीत नावच नाही म्हणून ती संधी गेलेली माणसं प्रत्येक तालुक्यात भेटतात. ती यादीही दरवर्षी तपासून आक्षेप लेखी द्यायला हवेत.

नोव्हेंबर २०२५ च्या २१ तारखेपासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यात गेले. संघटनांनी त्यातलं आपल्या कामाचं नीट वाचून ठेवावं. वेतन संहितेत कमी पगाराच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहा महिने होती आणि म्हणून कितीतरी दावे मुदतबाह्य ठरले. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आहे. हे आपल्या बाजूचं. दुसऱ्या बाजूला संपासाठी १४ दिवसांची आगाऊ नोटीस आता सगळ्याच आस्थापनांना बंधनकारक आहे, आणि कंत्राटी कामगारांचं संरक्षण ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनेला आणि तेवढे कामगार असलेल्या कंत्राटदारालाच लागू होतं.

या ५० च्या आकड्याचा फटका बसतो तो नगरपंचायतींत. २०१४ नंतर तालुक्याच्या अनेक ग्रामपंचायती नगरपंचायती झाल्या. मराठवाड्यात पालम, सेनगाव, मंठा, बदनापूर, लोहारा, देवणी, जळकोट ही त्यांतलीच. जुन्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांपैकी शिक्षण, वय आणि मंजूर पदं यांत बसले ते समाविष्ट झाले, बाकीचे लोंबकळत राहिले आणि घंटागाडी, नालेसफाई, पाणी ही कामं ठेकेदाराकडे गेली. एकाच गावात घंटागाडीचा ठेका एकाला, पाण्याचा दुसऱ्याला असे तुकडे पाडले की एकाही ठेकेदाराकडे ५० माणसं भरत नाहीत. तरी भविष्य निर्वाह निधीची मर्यादा २० कामगारांची आहे आणि ती चुकवणं इतकं सोपं नाही. इथे कामगाराने स्वतः करायची गोष्ट म्हणजे यूएएन नंबर (भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक) मागणं आणि दर तीन महिन्यांनी पासबुक बघणं. पगारातून १२ टक्के कापले जातात, ठेकेदाराचे १२ टक्के बिलात दाखवले जातात आणि खात्यावर काहीच पडत नाही, असं झालं तर ठेका संपायच्या आत तक्रार करावी. अनामत रक्कम परत गेली की ठेकेदार सापडत नाही. नगरपंचायतीने शेवटचं बिल काढण्यापूर्वी निधीची चलनं आणि पगारपत्रक जोडून घ्यावं, अशी लेखी मागणी मुख्याधिकाऱ्याकडे ठेका सुरू होतानाच देऊन ठेवावी.

मुंबईत कचरा वाहणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून कायम होण्याचा निकाल मिळाला. त्यामागे कचरा वाहतूक श्रमिक संघाने अनेक वर्षं ठेवलेली हजेरीची आणि कामाची कागदपत्रं होती. पालम-मंठ्यात माणसं तीस-चाळीस असतील, पण कागद तेच लागतात.

संपाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे आणि ते बऱ्याच कार्यकर्त्यांना पटत नाही. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांनी पाणी बंद करू नये. जिथे मुळात पाच-सहा दिवसांआड नळ येतो तिथे एक पाळी चुकली की बायका हंडे घेऊन शिवारभर फिरतात, आणि तिसऱ्या दिवशी सगळं गाव सरपंचाच्या बाजूने उभं राहतं. वसुली, मागणी बिलं, ऑनलाइन नोंदी, बैठकांची टपालं बंद ठेवा. पंचायत समिती दोन दिवसांत जागी होते, कारण तिचे तक्ते अडतात. पाणी, टीसीएल आणि दिवे चालू ठेवून हे करता येतं. आंदोलनाच्या दिवशी टाकीवर फलक लावा की पाणी चालू आहे आणि पगार चार महिन्यांचा बंद आहे. गावाला तेवढं कळतं.

एक काम मात्र संघटनेने कायमचं बंद करावं. सेप्टिक टँकमध्ये किंवा मैल्याच्या चेंबरमध्ये माणूस उतरणार नाही. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात टाकी साफ करताना पाच मजूर गेले. एक गुदमरला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही, कारण तळाशी साचलेला वायू नाकाला कळेपर्यंत शुद्ध जाते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे असं काम करायला लावणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अशा मृत्यूला ३० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवून दिली आहे. शाळेची टाकी तुंबली म्हणून सरपंचाने फोन केला तर कर्मचाऱ्याने ‘संघटनेचा ठराव आहे, तालुक्याहून सक्शन गाडी मागवा’ एवढं म्हणावं. एकट्या माणसाला नाही म्हणता येत नाही, ठरावाला म्हणता येतं.

वसुलीची अट रद्द करावी आणि यावलकर समितीच्या शिफारशीप्रमाणे वेतनश्रेणी द्यावी, या मागण्या राज्य पातळीवर वर्षानुवर्षं मांडल्या जात आहेत. त्या तिथे मांडल्या जाव्यातच. पण प्रत्येक तालुक्याकडे आपल्या गावांचा खरा आकडा असेल, म्हणजे कुठल्या गावात किती कपात झाली, मागणीत किती खोटी बाकी आहे, नमुना २१ मध्ये किती देणं लपलंय, तर त्या मागणीला मंत्रालयात वजन येईल. आज तो आकडा कुणाकडेच नाही.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. १ मेच्या सभेला गाव बऱ्यापैकी जमतं, टोळ्याही परतलेल्या असतात. त्या दिवशी अध्यक्षांना सांगून नमुना २१ टेबलावर ठेवायला लावा आणि गेल्या बारा महिन्यांचे रकाने मोठ्याने वाचायला सांगा: देय किती, दिले किती, राहिले किती. बहुतेक गावांत त्या वहीत एकच नाव असतं, पाच मिनिटांत वाचून होतं.